घाटाची वाट आणि चार टायर

मॉन्ट्रियलास राहणाऱ्या आमच्या पुतण्याचा सन २०२५ च्या वैशाखांत एक लांबलचक निरोप आला. डिसेंबरांत आम्ही सर्व मंडळी मनालीस जाण्याचा बेत करीत आहों, आणि तोहि घरच्या मोटारीनें, ही बातमी त्याच्या कानीं गेली होती. "काका, बाबांना तुम्हीच सांगा. हिवाळी टायर आणि बर्फाच्या साखळ्या घेतल्याखेरीज डोंगरांत गाडी घालूं नका," असें त्यानें मला लिहिलें होतें, आणि त्याखालीं टायर कोणत्या जातीचा घ्यावा, साखळी कशी पारखावी, याची चांगली वीस कलमांची यादी जोडली होती. बाबा म्हणजे आमचे दादा. त्यांना कांहीं अप्रिय सांगावयाचें असलें कीं तें माझ्याकडे येतें, ही आमच्या घरची जुनी वहिवाट आहे. एकत्र कुटुंबांत धाकट्या भावाला जीं कामें आपोआप लाभतात, त्यांपैकींच हें एक.

ती यादी मीं रात्रीं ओसरीवर बसून वाचली. कर्जतचा वैशाख ज्यांनीं अनुभवला आहे त्यांना सांगावयास नको. अंगावरचा सदरा चिकटलेला, पंखा ऊन वारा घालतो आहे, आणि हातांत बर्फाच्या साखळ्यांचें पुराण! मला हंसूं आलें. परंतु जसजसा पुढें वाचीत गेलों तसतसें तें ओसरलें.

क्युबेक प्रांताचा कायदा असा आहे कीं, १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत तेथें नोंदलेल्या मोटारीस हिवाळी टायर असलेच पाहिजेत. याचें कारण केवळ बर्फ नव्हे. साध्या टायराचें रबर थंडींत ताठरतें. पारा सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं उतरला कीं रस्ता धरून ठेवण्याचा त्याचा गुण कमी होऊं लागतो, मग बर्फ पडलेलें असो वा नसो. हिवाळी टायराचें रबर निराळ्या मिश्रणाचें, थंडींतहि मऊ राहणारें असतें. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात, आणि त्या बर्फाला जणूं चिमटींत धरतात. अस्सल हिवाळी टायराच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकणाची आकृति अशी खूण असते. साखळी ही त्याच्या पुढची पायरी. इंजिन जीं चाकें फिरवितें त्यांच्यावर ती चढवावयाची, ताशीं ५० किलोमीटरांच्या आंत जावयाचें, आणि उघडा डांबरी रस्ता लागतांच खालीं उतरून काढून ठेवावयाची. तसें न केल्यास साखळी तुटते, टायर सोलवटतो आणि रस्ताहि खरवडला जातो.

हें वर्णन वाचतांना एक अगदीं ओळखीची वस्तु डोळ्यांपुढें आली. आमच्या तालुक्यांत आषाढांत भातखाचरांची चिखलणी चालते, तेव्हां पॉवर टिलरला रबरी चाकें काढून लोखंडी पट्ट्यांचीं, पिंजऱ्यासारखीं चाकें लावतात. रबर चिखलांत जागच्या जागीं गरगर फिरतें. पट्टी चिखलांत शिरून त्याला धरते. आणि तींच चाकें घेऊन कोणी डांबरी रस्त्यावर आला तर रस्त्यावर ओरखडे उठतात व चार माणसें त्याच्या अंगावर ओरडतात. म्हणजे मॉन्ट्रियलच्या साखळीचें तत्त्व कर्जतच्या शेतकऱ्याला ठाऊक आहेच. जमीन जशी असेल तशी पायांत वहाण हवी, एवढेंच तें तत्त्व. मग आपल्या मोटारीच्या पायांत सध्यां काय आहे, हा प्रश्न त्या रात्रीं प्रथम माझ्या मनांत आला. मनाली दूर होती. पावसाळा दीड महिन्यावर होता.

सकाळीं चहाच्या वेळीं मीं दादांपाशीं विषय काढला. ते म्हणाले, "अरे, चाळीस वर्षें मी बोरघाट चढतों-उतरतों आहें. टायराची नक्षी पाहिलीस का आपल्या? अजून नव्यासारखी आहे." आणि तें खरेंहि होतें. गाडी सात माणसांची, २०१६ सालीं घेतलेली. परंतु दादा निवृत्त झाल्यापासून तिचें चालणें बाजार, देऊळ आणि लग्नकार्य एवढेंच. टाळेबंदीच्या काळांत तर ती महिनोन् महिने अंगणांत उभी होती. नऊ वर्षांत तीस हजार किलोमीटरहि झाले नव्हते. नक्षी झिजणार कोठून? मी गप्प बसलों.

ज्येष्ठांत पहिला पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीं दादा आईला घेऊन महडच्या वरदविनायकास गेले. (अष्टविनायकांतलें हें महड खालापूर तालुक्यांतलें, चवदार तळ्याचें महाड तें वेगळें. पाहुणे नेहमीं घोटाळा करतात म्हणून सांगतों.) गाडींत मागें वहिनी आणि माझा सहा वर्षांचा नातू होता. परत येतांना खोपोली सोडून पळसदरीकडे येणाऱ्या रस्त्यावर एका वळणावर गाडीचा मागचा भाग अलगद बाहेर सरकला. वेग फार नव्हता. गाडी आडवी होऊन रस्त्याखालच्या खाचराच्या बांधाला टेकली आणि थांबली. नातवाच्या कपाळाला टेंगूळ आलें, आईच्या हातांतली प्रसादाची पुडी खालीं पडली; याहून अधिक कांहीं झालें नाहीं. बांधाच्या पलीकडे चार-पांच फुटांचा ओहोळ होता.

"पहिल्या पावसाचा रस्ता, निसरडा असायचाच," असें दादांनीं घरीं येऊन सांगितलें. तेंहि खोटें नव्हे. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलें तेल आणि धूळ पहिल्या सरींत वर येतात आणि डांबरावर साबणासारखा थर होतो. भर पावसाळ्यांत धुवून निघालेला रस्ता त्या मानानें बरा. पण त्याच रस्त्यानें त्याच सकाळीं आमची सूनबाई खोपोलीच्या कारखान्यांत आपल्या लहान गाडीनें गेली होती आणि तिला कांहीं झालें नव्हतें. ती संध्याकाळीं परत आली, पदर खोचून अंगणांत मोठ्या गाडीपाशीं गुडघ्यांवर बसली, आणि विजेरीच्या उजेडांत टायराच्या बाजूस कांहीं वाचूं लागली.

प्रत्येक टायराच्या कडेला, इतर अनेक अक्षरांच्या शेवटीं, चार आंकडे एका लांबट चौकटींत उठविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या चारहि टायरांवर १९१६ होतें. म्हणजे २०१६ सालचा एकोणिसावा आठवडा. तिनें अंगठ्याचें नख रबरांत रोवून पाहिलें, तें शिरेना. कडेला, बोट ठेवून पाहिल्याशिवाय दिसूं नयेत अशा, बारीक भेगा पडल्या होत्या. ऊन, हवा आणि वय यांनीं रबर आंतून सुकत जातें. गाडी उभी राहिली म्हणून तें थांबत नाहीं. नक्षी जागच्या जागीं असते आणि पकड मात्र निघून गेलेली असते. जाणकार म्हणून सांगतात कीं, पांच वर्षांनंतर टायर दरवर्षीं तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपलीकडे, तो कितीहि चांगला दिसला तरी, ठेवूं नये. उलट झिजेचा नियम सर्वांना ठाऊक असतो. मोटारीच्या टायराची नक्षी १.६ मिलिमीटरांहून कमी खोल झाली कीं तो कायद्यानें बाद. त्याची खूण म्हणून खांचांच्या तळाशीं आडवे उंचवटे ठेवलेले असतात. वयाचा मात्र असा कायदा नाहीं, म्हणून तिकडे कोणी पाहत नाहीं.

आतां हें दादांना सांगावयाचें कोणी? प्रश्न टायरांचा असता तर कांहीं नव्हतें. दादांचें वय एकाहत्तर. त्यांना "टायर म्हातारे झाले" म्हणावें तर त्यांतून जें ऐकूं येईल तें निराळेंच. घाटांत गाडी कोणी चालवावयाची, हा प्रश्न आमच्या घरांत दोन वर्षांपासून कोणी मोठ्यानें विचारीत नव्हतें. सूनबाई सासूशीं बोलली, ती माझ्याशीं बोलली, आणि मी नेहमींप्रमाणें विचार करीत राहिलों.

कोंडी आईनें फोडली. तिचें वय अठ्ठ्याऐंशी. कान तीक्ष्ण आहेत. रात्रीं जेवणें झाल्यावर ती दादांना म्हणाली, "माझ्या काठीच्या टोकाचें रबर तूं दर दिवाळीला बदलतोस. मी म्हणतें, अजून चांगलें आहे. तूं म्हणतोस, नाहीं आई, कडक झालें कीं न्हाणीघराच्या फरशीवर घसरतें. मग गाडीचें कां नाहीं रे बदलीत? तिच्यांत तर आम्ही सगळीं बसतों." दादा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उद्यां खोपोलीस जाऊं." एवढ्या वीस कलमांचें काम काठीच्या टोकानें केलें.

खोपोली हें गांव घाटाच्या पायथ्याशींच वसलें आहे, आणि घाटानेंच तें पोसलें आहे. पुण्याची वाट जुनी. पेशवाईंत नाना फडणविसांनीं येथें बांधलेलें तळें आणि महादेवाचें देऊळ अजून आहे. घाट चढण्यापूर्वीं माणसें आणि जनावरें येथें विसावा घेत. सन १९१५ मध्यें टाटांनीं येथें वीजघर उभारलें. वर लोणावळ्याच्या बाजूस अडविलेलें पाणी प्रचंड नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं येतें, चक्रें फिरवितें आणि पाताळगंगेंत जातें. डोंगराच्या उतारावर एखादी वस्तु सोडून दिली तर तिच्या अंगीं केवढी शक्ति येते, याचें याहून चांगलें प्रात्यक्षिक मला माहीत नाहीं. त्याच उतारावर सात माणसें भरलेली मोटार खालीं येत असते, हें मात्र आपल्या ध्यानांत येत नाहीं.

टायरवाल्याचें दुकान रस्त्याला लागून होतें. मनुष्य घाटावरचाच, बोलका. त्यानें आधीं स्वस्तांतले दाखविले. कोणाच्या तरी गाडीचे उतरविलेले, नवी नक्षी चढविलेले. मग म्हणाला, "रुंद घ्या साहेब, गाडी रुबाबदार दिसेल." सूनबाईनें दोन्ही नाकारले. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर बरा. पावसांत त्याला अधिक पाणी बाजूस सारावें लागतें आणि तो लौकर पाण्यावर तरंगूं लागतो. टायर आणि रस्ता यांच्यामधील पाणी खांचांतून बाहेर पडावयास अवधि मिळाला नाहीं, तर चाक पाण्याच्या थरावर चढतें. मग सुकाणूं फिरविलें तरी गाडी सरळच जाते आणि ब्रेक दाबला तरी चाक नुसतें थांबतें, गाडी थांबत नाहीं. मापाच्या बाबतींत शहाणपण हेंच कीं, चालकाच्या दाराच्या चौकटीवर कारखान्यानें जें लिहिलें आहे तेंच घ्यावें. आम्ही त्याच मापाचे, मधून दोन खोल पन्हळी गेलेले आणि कडेला पाणी काढून देणाऱ्या तिरप्या खांचा असलेले टायर निवडले. आंकडे पाहिले, तीन महिन्यांपूर्वींचे होते.

येथें दादांनीं हिशेबीपणा दाखविला. "इंजिन पुढचीं चाकें ओढतें, वळतातहि तींच. मग दोनच घेऊं आणि पुढें लावूं." मलाहि तें पटलें. दुकानदार मात्र मान हलवूं लागला. "दोनच घ्यायचे तर मागें लावा, साहेब. पुढचा घसरला तर गाडी सरळ जाते, तुम्हांला कळतें, पाय उचलतां. मागचा घसरला तर कळायच्या आंत गाडी फिरलेली असते." दादा गप्प झाले. पळसदरीच्या वळणावर नेमकें हेंच झालें होतें. त्यांनीं चार टायर घेतले. वहिनीच्या हिशेबानें त्या पैशांत एक बऱ्यापैकीं पैठणी आली असती. हें तिनें एकदांच सांगितलें, तेंहि हंसून.

हिवाळी टायरांचें त्याला विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं, इकडे ते कोणी मागत नाहीं. आणि तें योग्यच आहे. थंडींत मऊ राहणारें तें रबर आमच्या वैशाखांत लोण्यासारखें वागेल. ब्रेक दाबल्यावर गाडी अधिक लांब जाईल आणि टायर एकदोन उन्हाळ्यांत झिजून जाईल. पुतण्याचा सल्ला त्याच्या गांवीं अक्षरशः खरा आणि आमच्या गांवीं अक्षरशः चुकीचा होता. पण त्यानें प्रश्न मात्र बरोबर विचारला होता.

पकड या शब्दाचा अर्थ खरें पाहतां कर्जतच्या माणसाला शिकवावा लागूं नये. १८६३ सालीं सुरू झालेला आमचा घाटाचा लोहमार्ग सर्वांत कठीण जागीं ३७ फुटांस एक फूट चढतो. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक. दोहोंचा स्पर्श जेमतेम नाण्याएवढा. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतास मागून ढकलणारीं इंजिनें लावतात, आणि चाक घसरूं लागलें तर रुळावर वाळू सोडतात. या इंजिनांना आम्ही बँकर म्हणतों. लहानपणीं त्यांचे आंकडे वहींत लिहून ठेवणें हा आमचा उद्योग होता. वंदे भारत गाडी २०२३ पासून हा घाट बँकरशिवाय चढूं लागली. तिच्या अनेक डब्यांखालीं मोटारी असल्यामुळें ओढणारीं चाकें पुष्कळ, आणि म्हणून पकडहि पुष्कळ. उतरणीची काळजी तर याहून मोठी. ताबा सुटलेल्या गाडीला बाजूच्या चढत्या फांट्यावर घालून थांबवावें अशी योजना या घाटांत केलेली आहे. चढण्याची सोय एकपट तर थांबण्याची दुप्पट, ही जुन्या इंजिनिअरांची बुद्धि मला फार आवडते.

या मार्गाची एक हकीकत आमच्या घरच्या स्त्रिया पाहुण्यांना आवर्जून सांगतात. घाटाचें कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आले आणि थोड्याच दिवसांत वारले. पुढें त्यांची पत्नी अॅलिस हिनें तें कंत्राट स्वतःकडे घेतलें आणि इंजिनिअर नेमून काम तडीस नेलें. ज्या असंख्य मजुरांनीं त्या कड्यांवर प्राण दिले, त्यांचीं नांवें मात्र कोणालाहि सांगतां येत नाहींत.

श्रावणांत पुण्यास आमच्या भाचीची पहिली मंगळागौर होती. आईला जावयाचेंच होतें. तिच्या हातची पत्री वाहिल्याशिवाय आमच्याकडे मंगळागौर होत नाहीं, निदान तिचा तसा समज आहे. सोमवारीं सकाळीं आम्ही सात जण निघालों. आदल्या सायंकाळीं, गाडी थंड असतांना, टायरांत हवा भरून घेतली होती. पूर्ण भरलेल्या गाडीस लागणारा दाब निराळा असतो आणि तोहि त्याच चौकटीवर लिहिलेला असतो. पाहुण्यांनीं गाडी भरावयाची आणि हवा मात्र एकट्या माणसाची ठेवावयाची, हें आपल्याकडे सर्रास चालतें. डिकींतला पांचवा टायरहि तपासला. त्याची आठवण बहुधा रस्त्यावरच होते.

पाऊस मुसळधार नव्हता, पण थांबतहि नव्हता. कर्जत सोडतांना उल्हास नदी तांबडी होऊन वाहत होती. पळसदरीच्या पुढें दोहीं बाजूंस लावणी झालेलीं खाचरें, त्यांवर पोपटी रंग, आणि मागें राजमाचीच्या बाजूच्या कड्यांवरून लोंबणाऱ्या पांढऱ्या रेघा. त्या बांधापाशीं आल्यावर दादांनीं गाडी अंमळ हळू केली. कोणी कांहीं बोललें नाहीं. नातवानें मात्र कपाळाला हात लावून पाहिला.

खोपोलीच्या पुढें जुन्या रस्त्यानें चढ लागला कीं शिंग्रोबाचें देऊळ येतें. शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें इंग्रज साहेबांना डोंगरांतली वाट दाखविली आणि बक्षिसाऐवजीं त्याला मरण मिळालें, अशी कथा सांगतात. गाड्या येथें अंमळ थबकतात, नाणें पडतें, घंटा वाजते. आईनें हात जोडले. दादांनींहि जोडले आणि लगेच दुसऱ्या गिअरमध्यें गाडी घातली. माझ्या मतें दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

चाकांच्या वाहनांसाठीं हा रस्ता १८३० सालीं खुला झाला. त्यापूर्वीं बैल, तट्टें आणि हमालांची पाठ. त्या काळचा एक पूल, अमृतांजन या नांवानें प्रसिद्ध झालेला, आमच्या पिढीनें शेंकडों वेळां पाहिला. तो २०२० च्या एप्रिलमध्यें, टाळेबंदींत रस्ता मोकळा असतांना, पाडण्यांत आला. खालून जाणाऱ्या द्रुतगति महामार्गाची त्याच्या खांबांपाशीं कोंडी होत असे. पूल गेला, पण आई त्या ठिकाणीं आली कीं अजून मान वर करते.

वळणांवर धुकें होतें. कड्याच्या बाजूला, जेथें ऊन कधींच पोंचत नाहीं, तेथें रस्त्याच्या कांठावर शेवाळ धरलेलें दिसत होतें. मीं मुद्दाम लक्ष देऊन पाहिलें. गाडी वळणावर जेथें जावयास हवी तेथेंच जात होती. चढतांना तसें विशेष कांहीं वाटत नाहीं. घाटाची परीक्षा उतरतांनाच होते.

मंगळवारीं रात्रभर जागरण झालें. फुगड्या, झिम्मा, आणि पहांटे पिठलें-भात. बुधवारीं दुपारीं निघतांना दादांनीं किल्ल्या सूनबाईच्या हातावर ठेवल्या. "रात्रीं झोंप झाली नाहीं माझी; तूंच घे आज," असें म्हणाले. वास्तविक ते रात्रीं अकराला झोंपले होते आणि घोरत होते. सूनबाईच जागली होती. म्हणून मीं लोणावळ्यास अर्धा तास गाडी थांबवून तिला झोंप घ्यावयास लावलें, आणि मगच खंडाळा सोडला.

उतरणीचा जुना नियम असा कीं, ज्या गिअरमध्यें चढलां त्याच गिअरमध्यें उतरा. इंजिनानेंच गाडीला मागें ओढून धरावें. ब्रेक केवळ मदतीला. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर तो तापतो, तापला कीं दाबूनहि धरेनासा होतो. आणि गिअर काढून गाडी नुसती घरंगळत सोडणें हा तर आत्मघात. तेल वांचतें म्हणून कित्येक चालक असें करतात. परंतु हल्लींच्या बहुतेक इंजिनांत उताराला गिअरमध्यें असतांना पाय उचलला कीं इंधन आपोआप बंद होतें, म्हणजे वांचवावयास कांहीं उरतच नाहीं. एका वळणाखालीं एक मालाचा टेंपो कडेला उभा होता. पुढच्या चाकांतून धूर येत होता, जळक्या रबराचा तो ओळखीचा वास सुटला होता, आणि क्लीनर पावसांत भिजत चाकांपुढें दगड लावीत होता. सूनबाईनें दुसरा गिअर सोडला नाहीं. वर येणाऱ्या गाड्यांना तिनें अरुंद जागीं थांबून वाट दिली. चढणाऱ्याचा हक्क पहिला, हा नियम कागदावर आहे तसाच सोयीचाहि आहे, कारण चढावर थांबलेली जड गाडी पुन्हां हलविणें कठीण. दादा शेजारीं बसून होते. दोन-तीन वळणें त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातांना मला दिसला. मग तो सैल झाला.

टायर चांगले झाले म्हणजे सर्व झालें असें मात्र कोणीं समजूं नये. याच खालापूर तालुक्यांत १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळवाडीवर डोंगर खचला आणि झोंपलेलीं घरेंच्या घरें त्याखालीं गेलीं. डोंगरच हलूं लागला तर रबराच्या चार तुकड्यांची काय कथा? वेधशाळेनें लाल इशारा दिला असेल त्या दिवशीं मंगळागौर असो वा बारसें असो, आमच्या घरून आतां कोणी घाटांत जात नाहीं. हा ठराव त्या श्रावणांतच झाला, आणि विशेष म्हणजे तो दादांनीं मांडला.

मनालीचा बेत आम्हीं मोडला नाहीं, पण बदलला. वर्षांतून चार दिवसांसाठीं साखळ्या घ्यावयाच्या, त्या चढविण्याची संवय कोणालाच नाहीं, आणि बर्फावर गाडी घसरल्यास पाय कोठें ठेवावा हें ठाऊक नाहीं. अशा स्थितींत सामान आणून विद्या येत नसते. आम्ही आगगाडीनें चंदीगडपर्यंत गेलों आणि पुढें तिकडचीच गाडी व तिकडचाच चालक घेतला. सोलंगच्या वाटेवर एके सकाळीं बर्फ पडलें. पोलिसांनीं साध्या गाड्या अडविल्या, साखळ्या असलेल्या तेवढ्या सोडल्या. आमच्या चालकानें डिकींतून साखळी काढून बर्फावर पसरली, चाकावर ओढली, चार हात गाडी पुढें घेऊन पुन्हां घट्ट केली. दहा मिनिटांचें काम. सगळीं मंडळी बर्फाचे गोळे करण्यांत दंग होतीं. मीं पाहिलें तों दादा कानटोपी सांवरीत चाकापाशीं वांकले होते आणि चष्मा पुसून टायराच्या कडेचे चार आंकडे वाचीत होते. चालक हंसून म्हणाला, "नया है, बाबूजी." दादांनीं आंकडे पुन्हां एकदां मोठ्यानें वाचले, मान हलविली, आणि आईला हात देऊन आधीं तिला गाडींत बसविलें.